मराठी-कानडीचं वाक्य एका साच्याचं, मग कुळं दोन कशी?

प्रश्न जत तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा आहे. त्यांच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी कानडी बोलतात. मराठी ही इंडो-युरोपीय कुळातली, म्हणजे इंग्रजी, रशियन, फारसीच्या नात्यातली, आणि कन्नड द्राविड कुळातली, असं शिकवल्यावर एका मुलीनं उभं राहून विचारलं, "बाई, कानडी वाक्य शब्दाला शब्द ठेवून मराठीत उतरतं. इंग्रजीचं तर सगळं मागचं पुढं करावं लागतं. मग इंग्रजी मराठीची नातेवाईक आणि कानडी परकी, असं कसं?" बाईंनी स्वतःची शंकाही जोडली आहे. कन्नड 'अश्लिष्ट योगात्मक' आणि इंडो-युरोपीय भाषा 'श्लिष्ट' असं पुस्तकात असतं, पण मराठीत तर प्रत्ययाला प्रत्यय लागत जातात. मग मराठी कुठल्या खणात ठेवायची?

मुलीचं निरीक्षण खरं आहे आणि पुस्तकातलं विधानही खरं आहे. यात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले आहेत. भाषा आली कुठून, हा एक. आज ती चालते कशी, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर म्हणजे कूळ, दुसऱ्याचं उत्तर म्हणजे प्रकार. बांधाला बांध लागून दोन शेतं असली, दोघांची पिकं एक, औतं एक, पाण्याची पाळीही एक, तरी तेवढ्यानं ते दोघे भाऊबंद होत नाहीत. आणि सख्खा चुलतभाऊ मुंबईला जाऊन पार वेगळा राहू लागला तरी वंशावळीतून त्याचं नाव जात नाही. मराठी आणि कन्नडचा बांध निदान हजार-बाराशे वर्षांचा आहे. इंग्रजी हा दूर गेलेला चुलतभाऊ.

आधी प्रकारांचं बघू, कारण गोंधळ तिथून सुरू होतो.

शब्द कसा घडतो यावरून भाषांचे गट पाडायची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत रुजली. फ्रीडरिक श्लेगेल, त्याचा भाऊ आउगुस्ट विल्हेल्म, मग हुम्बोल्ट आणि श्लायखर यांनी ती पुढे नेली. चिनीसारख्या भाषेत शब्दाला काही चिकटत नाही. 'वो आय नी' म्हणजे 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' आणि 'नी आय वो' म्हणजे 'तुझं माझ्यावर'. शब्द तेच, फक्त जागा बदलली. ही अयोगात्मक. तुर्की किंवा कन्नडमध्ये एकेका अर्थाला एकेक तुकडा असतो आणि तुकडे ओळीनं लागतात. 'मनेगळल्लि' म्हणजे 'घरांमध्ये': 'मने' घर, 'गळ' अनेकवचन, 'अल्लि' आत. कुठंही सांधा उकलून बघा, तुकडा अखंड हाती येतो. ही अश्लिष्ट. संस्कृतात 'गृहेषु' म्हटलं की त्या 'षु'त अनेकवचनही आलं आणि सप्तमीही आली. कुठला भाग कशाचा ते वेगळं काढून दाखवता येत नाही. ही श्लिष्ट. ग्रीनलंडच्या भाषेसारख्या काही भाषांत अख्खं वाक्य एका शब्दात गोवलं जातं, ती प्रश्लिष्ट.

इथवर ठीक आहे. पण त्या विद्वानांनी या प्रकारांची उतरंड लावली आणि तिच्यात श्लिष्ट भाषा सगळ्यात वर बसवल्या. भाषा अयोगात्मक अवस्थेतून अश्लिष्ट आणि तिथून श्लिष्ट अवस्थेला 'चढत' जाते, असं श्लायखर मानत होता. हे साफ चुकीचं ठरलं आहे. इंग्रजीनं नेमकी उलटी वाट धरली. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना तीन लिंगं होती, विभक्त्या होत्या. आज नामाला अनेकवचन आणि षष्ठीचा एक 'स' एवढंच उरलंय, आणि वाक्याचा सारा भार शब्दांच्या जागेवर आला आहे. ही उतरंड अजूनही काही मार्गदर्शकांत दबक्या आवाजात शिल्लक आहे. कानडी बोलणाऱ्या मुलापुढे 'तुझी भाषा विकासाच्या खालच्या पायरीवरची' असा सूर चुकूनही निघता कामा नये. 'प्रकार' हे वर्णन आहे, गुणपत्रक नाही.

आता मराठी. एक शब्द उकलून बघा: 'घरांतल्यांना'. 'घर', त्याचं अनेकवचनी सामान्यरूप 'घरां', मग 'त', मग 'ल्यां', मग 'ना'. सांधे बऱ्यापैकी मोकळे आहेत, कन्नडसारखे. पण 'केली' घ्या. शेवटची 'ई' स्त्रीलिंग सांगते आणि एकवचनही सांगते, आणि ती फोडता येत नाही. 'घोडा, घोडे, घोड्या-' यातही तेच. शिवाय 'घरी', 'दारी', 'रानी' ही जुन्या सप्तमीची हाडं अजून आपल्या तोंडात आहेत. म्हणजे मराठी संस्कृत-प्राकृताकडून श्लिष्टपणा घेऊन निघाली, वाटेत विभक्त्या झिजल्या, त्यांच्या जागी 'ला, ना, त, ने, मध्ये, साठी' असे नवे जोड आले आणि आज ती दोन्ही रीतींनी चालते. शुद्ध एकाच प्रकारची भाषा जगात शोधूनही सापडायची नाही. परीक्षेत एका शब्दात उत्तर मागितलं तर 'मिश्र, पण मूळ घडण श्लिष्ट' असं लिहायला सांगा. गुण जाणार नाहीत आणि खोटंही होणार नाही.

मुख्य मुद्दा असा की प्रकार बदलतो. इंग्रजीचा बदलला, फारसीनं लिंगभेद टाकून दिला, मराठीचा अर्धा बदलला. बदलणाऱ्या गोष्टीवरून नातं ठरवता येत नाही.

मग कूळ कशावरून ठरतं? बहुतेकांना वाटतं, सारख्या दिसणाऱ्या शब्दांवरून. तसं नाही, आणि हे मुलांना ठासून सांगायला हवं. आपला 'बदनाम'मधला 'बद' फारसीतून आला, अर्थ 'वाईट'. इंग्रजीत 'बॅड'चा अर्थही 'वाईट'. उच्चार जवळ, अर्थ तोच, फारसी आणि इंग्रजी एकाच कुळातल्या, तरीही या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. निव्वळ योगायोग. उलट 'चाक' आणि 'व्हील' हे शब्द समोरासमोर ठेवले तर कुणी नातं मानणार नाही, पण ते एकाच मुळाचे आहेत. चाक आलं 'चक्र'वरून, ग्रीक 'कुक्लोस' त्याचाच भाऊ, आणि जुन्या इंग्रजीतलं 'ह्वेओल' झिजून 'व्हील' झालं.

पुरावा असतो तो ध्वनींच्या रांगेत. एका भाषेत जिथं एक ध्वनी तिथं दुसऱ्या भाषेत ठरलेला दुसरा ध्वनी, एका शब्दात नव्हे तर शब्दामागून शब्दांत. संस्कृत 'पितृ, पद, पंच', इंग्रजी 'फादर, फूट, फाइव्ह': 'प'च्या जागी 'फ'. संस्कृत 'त्रि, तनु', इंग्रजी 'थ्री, थिन': 'त'च्या जागी 'थ'. 'दंत, द्वि, दश, दारु' आणि 'टूथ, टू, टेन, ट्री': 'द'च्या जागी 'ट'. लॅटिनमध्ये 'पातेर, त्रेस, दुओ, देकेम', म्हणजे तिथं मूळचे प, त, द जागेवर राहिले. लॅटिनमध्ये जिथं 'केंतुम' (शंभर) तिथं इंग्रजीत 'हंड्रेड', 'क'च्या जागी 'ह'. आणि संस्कृतात तोच शब्द 'शत', म्हणजे 'श' आपल्याकडच्या शाखेनं केला. डेन्मार्कच्या रास्कनं १८१८ मध्ये आणि जर्मनीच्या याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये ही रांग मांडली. त्याआधी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्सनं संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं, कदाचित ते मूळ आता अस्तित्वातही नसेल, असं म्हटलं होतं. हे शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. संस्कृत ही इंग्रजीची आई नाही, बहीण आहे. दोघींची आई कुणी लिहून ठेवलेली नाही. 'जगातल्या सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या' असं कुणी म्हणालं तर जोन्सचं हेच म्हणणं पुढे ठेवावं.

ग्रिमच्या नियमाला अपवाद होते आणि त्या अपवादांची गोष्ट मला या साऱ्या शास्त्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. 'पितृ' आणि 'भ्रातृ' दोन्हींत मधला ध्वनी 'त'. जर्मनमध्ये मात्र 'फाटर' आणि 'ब्रूडर', एकात 'ट', दुसऱ्यात 'ड'. एकाच 'त'चे दोन वाटांनी दोन ध्वनी कसे झाले? कार्ल वर्नरनं १८७७ मध्ये उत्तर छापलं, आणि ते उत्तर जर्मनीत नव्हे, वैदिक संस्कृतात सापडलं. वेदात 'पिता' शब्दाचा उदात्त स्वर, म्हणजे आवाजाचा चढ, शेवटच्या अक्षरावर आहे, 'भ्राता'चा पहिल्यावर. हा चढ त्या ध्वनीच्या आधी येतो की नंतर, यावर जर्मन कुळातला ध्वनी ठरत होता. जर्मनमधून तो स्वर केव्हाच पुसला गेला, पण आपल्याकडच्या वैदिकांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ करून तो जपला. आजही घनपाठी, म्हणजे वेद मुखोद्गत असलेले पंडित, वेद म्हणत असताना कान देऊन ऐकलं तर युरोपातल्या एका कोड्याचं उत्तर ऐकू येत असतं.

दुसरी गोष्ट तेवढीच दमदार. फर्दिनां द सोस्यूर या विशीतल्या तरुणानं १८७९ च्या आपल्या ग्रंथात नुसत्या हिशेबानं सांगितलं, की मूळ भाषेत काही ध्वनी असले पाहिजेत जे कुठल्याही माहीत भाषेत उरलेले नाहीत. पुढे तुर्कस्तानात बोगाझकॉय इथं उत्खननात मातीच्या विटांवरचे लेख सापडले. १९१५ मध्ये ह्रोझनी या चेक अभ्यासकानं ती हित्ती भाषा उलगडली. त्याला वाट सापडली ती भाकरी-पाण्याच्या एका वाक्यात: 'वातर' म्हणजे पाणी (इंग्रजी 'वॉटर', आपलं 'उदक') आणि 'एझ्झ-' म्हणजे खाणं (संस्कृत 'अद्', ज्यावरून 'अन्न'). आणि १९२७ मध्ये कुरिलोविचनं दाखवलं की सोस्यूरनं कागदावर कल्पिलेले ध्वनी जिथं हवेत तिथंच हित्तीत 'ह'सारख्या एका अक्षरानं लिहिलेले आहेत. अठ्ठेचाळीस वर्षांनी भाकीत खरं ठरलं. म्हणून मी म्हणतो, कुळाचा सिद्धांत हा कुणाच्या मताचा प्रश्न नाही. त्या मूळ भाषेचे लोक कुठं राहत होते, कसे पांगले, हा वाद वेगळा. ध्वनींच्या रांगा त्या वादावर अवलंबून नाहीत. आणि भाषेचं कूळ म्हणजे माणसाचं रक्त नव्हे. भाषा शिकता येते, टाकता येते.

वर्गात हे समजावायला 'सात' हा शब्द पुरेसा आहे. मराठीत तो चार वाटांनी आला. 'सात' स्वतः: 'सप्त', 'सत्त', 'सात' असा तोंडातोंडी झिजत आलेला, वारशातला. दुसरा 'सप्ताह', गावोगाव हरिनामाचा असतो तो. हा झिजलेला नाही, संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला. तिसरा 'हप्ता'. फारसीत 'हफ्त' म्हणजे सात. मूळचा 'स' इराणी शाखेत 'ह' झाला, 'सिंधु'चं 'हिंदु' झालं तसा. चौथा 'सप्टेंबर', लॅटिन 'सेप्तेम' म्हणजे सात, कारण जुन्या रोमन पंचांगात तो सातवा महिना होता. चारही एकाच मुळाचे, पण मराठीचं कूळ सांगतो तो फक्त पहिला. बाकीचे तिघे पाहुणे आहेत, नात्यातले असले तरी. शब्द उसने घेतल्यानं कूळ बदलत नाही. कन्नडनं 'पुस्तक', 'नगर', 'समय' संस्कृतातून घेतले म्हणून ती संस्कृतची लेक होत नाही. मराठीनं 'तूप', 'अण्णा', 'अक्का', 'अडकित्ता' कन्नडकडून घेतले म्हणून ती द्राविड होत नाही. इंग्रजीतले निम्म्याहून जास्त शब्द फ्रेंच-लॅटिनचे आहेत, तरी ती जर्मॅनिकच.

कन्नडचं कूळही अशाच कसोटीनं सिद्ध झालं आहे. अनेकदा इंडो-युरोपीय कुळाचे पुरावे भरभरून शिकवतात आणि द्राविड म्हणजे 'उरलेल्या' अशा थाटात एका ओळीत उरकतात, हे मला मनापासून खटकतं. फ्रांत्स बॉपनं संस्कृत, ग्रीक, लॅटिन क्रियापदांची तुलना छापली ते वर्ष १८१६. त्याच वर्षी मद्रासला फ्रान्सिस व्हाइट एलिसनं दाखवून दिलं की तमिळ, तेलुगू, कन्नड या संस्कृतातून निघालेल्या नाहीत, त्यांचं मूळ वेगळं आणि एक आहे. पुढे १८५६ मध्ये कॉल्डवेलनं त्याचं सविस्तर व्याकरण लिहिलं.

रांग बघा. तमिळ 'पाल्' (दूध), 'पल्' (दात), 'पू' (फूल), 'पत्तु' (दहा), 'पुलि' (वाघ). कन्नड 'हालु', 'हल्लु', 'हूवु', 'हत्तु', 'हुलि'. प्रत्येक ठिकाणी 'प'चा 'ह'. जुन्या कन्नड शिलालेखांत तिथं 'प'च कोरलेला आहे, म्हणजे बदल कन्नडमध्ये झाला. तेलुगूत 'पालु', 'पूवु', 'पुलि', तिथंही 'प' टिकला. गावांच्या नावातलं 'हळ्ळी' आणि तिकडचं 'पळ्ळी', 'पल्ले' हे याच रांगेतलं. कानाला कन्नड 'किवि', तेलुगू 'चेवि'. तळ्याला कन्नड 'केरे', तेलुगू 'चेरुवु': 'इ'-'ए'च्या आधीचा 'क' तेलुगूत 'च' झाला. ग्रिमच्या रांगेला जे वजन आहे तेच हिला आहे.

आता याच्यासमोर मराठी ठेवा: दूध, दात, फूल, दहा, वाघ. कुठलीच रांग लागत नाही. एक सापळा आहे, तो मुलांना नक्की दाखवा: 'दहा' आणि 'हत्तु', दोन्हींत 'ह' आहे. पण 'दहा'तला 'ह' आला 'दश'च्या 'श'मधून आणि 'हत्तु'तला आला 'पत्तु'च्या 'प'मधून. दिसण्यावर जाऊ नये ते यासाठी.

शब्दांपेक्षाही पक्का पुरावा व्याकरणातल्या वाकड्या जागांचा. आपण 'जातो' म्हणतो पण 'जाला' म्हणत नाही, 'गेला' म्हणतो. दोन वेगळ्या धातूंची ही गाठ आहे: संस्कृत 'याति' आणि 'गत'. हिंदीत 'जाता–गया', गुजरातीत 'जाय–गयो', बंगालीत 'जाय–गेलो'. पार बंगालपर्यंत तीच गाठ. असली विचित्र गोष्ट शेजाऱ्याकडून कुणी सहसा उसनी घेत नाही. ती वारशातच मिळते. कन्नडमध्ये 'होगु'चं 'होद', एकाच धातूचं. थोडं मागं जाल तर संस्कृत 'अस्ति–सन्ति', लॅटिन 'एस्त–सुंत', जर्मन 'इस्ट–झिंट'. एकवचनात सुरुवातीचा स्वर आहे, अनेकवचनात गेला आहे, आणि तिन्हीकडे तसाच. मराठी-इंग्रजीच्या नात्याचा धागा असा वर जाऊन जुळतो, आजच्या वाक्यांच्या चालीवरून तो दिसणार नाही.

मग वाक्य शब्दाला शब्द कसं उतरतं? याचं उत्तर द्यायला आपल्याला सांगली जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. जगभर भाषासंपर्क शिकवताना ज्या गावाचं नाव घेतात ते आपलं कुपवाड. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेला त्यांचा लेख कुपवाडच्या बोलींवर आहे, त्या वेळच्या सुमारे तीन हजार वस्तीच्या खेड्यावर. आज तिथं औद्योगिक वसाहत आहे आणि गाव महापालिकेत आहे. तेव्हा गावात घरची भाषा म्हणून कन्नड, मराठी, उर्दू आणि थोडी तेलुगू होती, आणि पुरुष मंडळी बहुतेक एकाहून जास्त भाषा बोलत. त्यांनी नोंदलेलं एक वाक्य असं. मराठीत: 'पाला जरा कापून घेऊन आलो.' उर्दूत: 'पाला जरा काटके लेके आया.' कानडीत: 'तापला जरा खोदि तगोंडि बयन.' तुकडे मोजा. काप-ऊन, काट-के, खोद-इ. घे-ऊन, ले-के, तगोंड-इ. तीन भाषा, दोन कुळं, आणि वाक्याचा सांगाडा एकच. एका भाषेतला तुकडा उचलून तिथं दुसऱ्या भाषेतला ठेवला की झालं. तिथल्या उर्दूत 'नदी आया' म्हणत, कारण कन्नडमध्ये माणसाशिवाय बाकीच्यांना स्त्री-पुरुष भेद नाही आणि ती रीत उर्दूनं उचलली. कन्नडनंही घेतलं: 'हे माझं घर' अशा वाक्यात एरवी ती क्रियापदाशिवाय भागवते, इथं तिनं मराठीसारखं 'आहे' जोडलं.

पण शब्द मात्र ज्याचे त्याचे राहिले. घरची भाषा ही समाजाची ओळख होती, ती कुणी सोडली नाही. रोज शेतात आणि बाजारात एकमेकांशी बोलायचं म्हणून वाक्याची घडण मात्र एक होत गेली. पुढे चाळीसएक वर्षांनी डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडला पुन्हा अभ्यास करून हा शब्दाला शब्द उतरण्याचा नमुना कितपत टिकतो ते चिकित्सकपणे तपासलं. ज्यांना पुढे अभ्यास करायचा आहे त्यांनी दोन्ही लेख मिळवून एकत्र वाचावेत.

अशी देवघेव फक्त कुपवाडची नाही. 'मी काल घेतलेला बैल', कन्नड 'नानु निन्ने तगोंड एत्तु'. इंग्रजीत हेच बैल आधी आणि बाकीचं मागून. 'मला भूक लागली' यात भूक लागणारा 'मी' नाही, 'मला' आहे, कन्नडमध्येही 'ननगे'. 'पाऊस येईल म्हणून थांबलो' यातल्या 'म्हणून'चं काम कन्नडमध्ये 'अंत' करतो. एमेनो या भाषाशास्त्रज्ञानं १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र, म्हणजे वेगळ्या कुळांच्या भाषा शेजारानं सारख्या होत गेलेला प्रदेश आहे, असं मांडलं ते असल्याच गोष्टी पाहून. त्या मुलीला हे सांगा: तिनं जे ओळखलं त्यावर विद्वानांनी आयुष्यं घातली आहेत.

आणि इतक्या संगतीतही मराठीनं काय सोडलं नाही, तेही दाखवा. 'मी भाकरी खाल्ली': क्रियापद भाकरीप्रमाणे चालतं. पोळा खाल्ला, पोळी खाल्ली. कन्नडमध्ये 'नानु रोट्टि तिंदे', क्रियापद 'मी'प्रमाणे. मराठीची ही रीत प्राकृतातल्या कर्मणी रचनेतून आली आणि कानडीच्या इतक्या निकट सहवासातही टिकली. याचा सगळ्यात देखणा पुरावा कर्नाटकातच आहे. श्रवणबेळगोळला दहाव्या शतकाच्या अखेरीस गोमटेश्वर उभा राहिला. त्याच्या पायाशी एकच मजकूर तीन भाषांत कोरला आहे. मराठीत 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. कन्नडमध्ये 'श्रीचामुण्डराजं माडिसिदं'. मराठीत 'राजें' म्हणजे 'राजानं', तृतीया. 'करवियलें' म्हणजे 'करवून घेतलं', हे केलेल्या गोष्टीप्रमाणे नपुंसकलिंगी. कन्नडमध्ये राजा सरळ प्रथमेत आणि क्रियापद त्याच्याप्रमाणे पुल्लिंगी. तमिळ ओळही कन्नडसारखीच चालते. अर्थ एक, दगड एक, आणि दोन कुळं शेजारी शेजारी वाचता येतात. फळ्यावर या दोन ओळी लिहून द्या, तासभर पुरतील.

शेवटी वर्गात करण्याजोगं एक काम. मुलांना घरच्या भाषेतले शब्द वडीलधाऱ्यांना विचारून आणू द्या: एक ते दहा अंक, अवयव, मी-तू, पाणी, विस्तव, दूध, आणि 'जा, ये, खा, बस'ची भूतकाळी रूपं. अवयवांची यादी मोठी ठेवा, कारण 'पोट', 'डोकं' यांसारखे काही मराठी शब्द संस्कृतच्या रांगेत बसत नाहीत. वर्गात वडारी किंवा कैकाडी बोलणारी मुलं असतील तर त्यांना वेगळे रकाने द्या. वडारी तेलुगूच्या, कैकाडी तमिळच्या नात्यातली आहे आणि या मुलांच्या भाषेला शाळेच्या फळ्यावर जागा क्वचितच मिळते. लिहून घेताना मूल उच्चारतं तसंच लिहा, प्रमाण कन्नडप्रमाणे दुरुस्त करू नका. पुस्तकात 'मने' असेल आणि मूल 'मनि' म्हणत असेल तर 'मनि' लिहा. 'तले'चं 'तलि', 'एले'चं 'एलि' असं पुढे येत जाईल, आणि शेवटचा 'ए' जिथं जिथं पुस्तकात आहे तिथं तिथं आपल्या घरी 'इ' आहे, ही रांग मुलं स्वतःच शोधून काढतील.